चर्चची मनाई नेमकी कशाला?

मी जन्माने कॅथलिक, आणि आजही मनाने आहे. रविवारी मिस्साला जाते, बाकीचे दिवस आमच्या स्त्री-केंद्रावर असते. या दोन गोष्टी तुला जमतात कशा, असं मैत्रिणी अधूनमधून विचारतात. मी हसून वेळ मारून नेते. काही वर्षांपूर्वी एका रात्री मात्र तसं करता आलं नाही.

बलात्कार झालेल्या एका मुलीला घेऊन आम्ही दोघी कार्यकर्त्या एका मिशन हॉस्पिटलात गेलो होतो. जवळचं तेच होतं. तिथल्या सिस्टरनी तिला मायेनं जवळ घेतलं, जखमा धुतल्या, डॉक्टरांना उठवलं, पोलिसांना फोन केला. मी तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचं विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "आमच्याकडे ती देत नाहीत. चर्चला चालत नाही." आवाजात उर्मटपणा नव्हता, होता तो ओशाळलेपणा. गोळी आम्ही सकाळी बाहेरच्या औषधाच्या दुकानातून आणली. मुलीच्या हातात पाण्याचा ग्लास देताना माझ्या मनात एकच होतं: चर्चला चालत नाही, हे सांगितलंय कोणी आणि कुठे?

म्हणून शोधायला बसले. जे सापडलं ते आपल्या गटांपुढे ठेवते आहे, कारण मिशनची हॉस्पिटलं आपल्या कामात वारंवार येतात, आणि 'त्यांच्या धर्मात नाही' म्हणून आपणही मुकाट्याने परत फिरतो.

कृत्रिम संततिनियमनाला मनाई करणारं पोप सहावे पॉल यांचं परिपत्रक २५ जुलै १९६८ चं. त्याआधी पोपनीच सल्ल्यासाठी ठेवलेल्या मंडळातल्या बहुसंख्य सदस्यांनी ही मनाई सैल करावी असा कौल दिला होता; तो बाजूला सारला गेला. त्या परिपत्रकाशी माझं भांडण जुनं आहे, पण आज ते राहू दे. आज एवढंच पाहू की मनाई कशाला आहे. नवराबायकोच्या स्वखुशीच्या संबंधाला. तो संबंध आणि मूल होण्याची शक्यता यांची माणसाने फारकत करू नये, असा तो विचार. बलात्कारात बाईची खुशी कुठे आली? तो तिच्यावरचा हल्ला, आणि त्यातून गर्भ राहू न देणं हा त्या हल्ल्यापासूनचा बचाव. हे मी पदरचं सांगत नाही. १९६१ साली, काँगोमध्ये यादवी चालू असताना, तीन धर्मपंडितांनी एका इटालियन मासिकात लिहिलं होतं की बलात्काराचा धोका असलेल्या धर्मभगिनींनी आधीच गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर त्यात पाप नाही. २०१६ साली मेक्सिकोहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस यांनीही आफ्रिकेतल्या धर्मभगिनींचा दाखला दिला होता. (नियमातली ही वाट पहिल्यांदा दिसली तीही धर्मभगिनींसाठी. घरच्या बाईसाठी ती शोधायची निकड कोणाला वाटली नसावी.)

अमेरिकेतल्या बिशपांनी कॅथलिक हॉस्पिटलांसाठी नियमावली केली आहे. तिचं ३६ वं कलम म्हणतं की बलात्कार झालेल्या स्त्रीला संभाव्य गर्भधारणेपासून स्वतःचा बचाव करता आला पाहिजे. तपासणीत गर्भ राहिल्याचा पुरावा नसेल तर स्त्रीबीज सुटू न देणारं किंवा फलन रोखणारं औषध देता येईल. फलित बीजाला रुजू न देणारं औषध मात्र चालणार नाही.

सगळा वाद येऊन अडतो तो या शेवटच्या अटीवर. ऑक्टोबर २००० मध्ये व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने जाहीर केलं की ही गोळी फलित बीजाला रुजू देत नाही, म्हणजे हा गर्भपातच. तेव्हा गोळीच्या माहितीपत्रकातही तशी शक्यता लिहिलेली असे. पुढच्या अभ्यासांतून वेगळं दिसलं. लेव्होनोर्जेस्ट्रेलची गोळी स्त्रीबीज सुटणं थांबवते किंवा लांबवते. बीज सुटून गेलं असेल तर तिचा फारसा उपयोगच होत नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीच्या माहितीपत्रकातून रुजण्याचा उल्लेख काढून टाकला. तांबीची गोष्ट वेगळी, ती यात मिसळायला नको. आणि हार्मोनच्या औषधांबद्दल मी भाबडी नाही. नेट-एन इंजेक्शनविरुद्ध १९८६ साली आपल्याच संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. पण गरजेपुरती एक गोळी आणि बायकांच्या माथी मारलेलं इंजेक्शन यांत फरक आहे.

जर्मनीत कोलोनला काय झालं ते ऐका. डिसेंबर २०१२ मध्ये एका तरुणीला, तिच्यावर बलात्कार झाल्याची शंका असताना, दोन कॅथलिक हॉस्पिटलांनी तपासायलासुद्धा नकार दिला. तपासलं तर गोळीबद्दल बोलावं लागेल, ही भीती. देशभर गहजब झाला. तिथले कार्डिनल माइस्नर म्हणजे कर्मठांतले कर्मठ. त्यांनी माफी मागितली, तज्ज्ञांना विचारलं आणि ३१ जानेवारी २०१३ ला जाहीर केलं की बलात्कारानंतर फलन रोखण्यासाठी गोळी देणं नीतीला धरून आहे. पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या सगळ्या बिशपांनी तेच म्हटलं. नियम बदलला नाही, नीट वाचला गेला. त्यासाठी एका मुलीला दोन दारांतून परत जावं लागलं.

आपल्याकडे तर कायदाही आहे. बलात्कारपीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करणं सरकारी-खासगी सर्व हॉस्पिटलांना बंधनकारक आहे. आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९७ व्या कलमात आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तातडीचं गर्भनिरोधकही आहे. गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. हे सगळे कागद घेऊन मी त्या सिस्टरना परत भेटले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले. "आम्हाला हे असं कोणी शिकवलं नाही," म्हणाल्या, आणि कागद ठेवून घेतले.

तरी माझं समाधान झालेलं नाही. गोळी मिळवायला बाईने आधी बलात्कार झाल्याचं पटवून द्यायचं, आणि तोही परक्या पुरुषाने केलेला असला पाहिजे! त्याच १९६८ च्या परिपत्रकात म्हटलंय की जोडीदाराची स्थिती आणि रास्त इच्छा न पाहता लादलेला संबंध हा प्रेमाचा संबंधच नव्हे. म्हणजे तोही नीतीला सोडून. मग बंदी ज्याला आहे, त्या स्वखुशीच्या संबंधात तो कसा मोडेल? परिपत्रक हे पाऊल उचलत नाही, मला मात्र ते सरळ पुढचं पाऊल दिसतं. आपल्या कायद्याची तर तेवढीही तयारी नाही: २०२३ च्या न्याय संहितेतही नवऱ्याला दिलेली सूट ठेवली गेली.

आमच्या धर्मग्रामात एक बाई आहे. नवरा दारू पिऊन येतो, तिचं 'नाही' ऐकत नाही. दोनदा तिने गुपचूप ही गोळी घेतली. तेव्हापासून मिस्साला येते, पण ख्रिस्तशरीर घ्यायला उठत नाही. आपण पाप केलं असं तिला वाटतं. तिच्या परवानगीने, नाव न सांगता, मी हे आमच्या फादरांपुढे ठेवणार आहे. तुमच्या भागातल्या मिशन हॉस्पिटलांत काय अनुभव आला ते लिहून पाठवा, म्हणजे जाताना माझ्या हातात एकाच बाईची गोष्ट नसेल.