वैऱ्याने दिलेली तलवार

ट्रॉयच्या वेढ्यात ग्रीकांकडे अकिलीसच्या खालोखाल वीर कोण, तर सॅलमिसचा एजॅक्स! देह धिप्पाड, बोलणे मोजके. बैलाची सात कातडी एकावर एक आणि वर ब्राँझचा पत्रा, अशी त्याची बुरुजासारखी ढाल. सावत्र भाऊ ट्यूसर तिच्याच आडून बाण सोडी.

एकदा ट्रॉयच्या हेक्टरशी त्याचे द्वंद्व जुंपले. दिवस मावळला तरी निकाल लागेना. तेव्हा दोघांनी परस्परांना भेटी दिल्या. एजॅक्सने कमरपट्टा दिला, हेक्टरने तलवार. ही तलवार वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पुढे अकिलीस पडला. एजॅक्सने त्याचे शव रणातून उचलून आणले. ओडिसियस पाठीमागून शत्रूला थोपवीत होता. मग प्रश्न निघाला, अकिलीसची दिव्य आयुधे कोणाची? निवाडा लागला तो वाक्‌चतुर ओडिसियसच्या बाजूने.

सोफोक्लीजने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नाटक रचले ते यापुढच्या कथेवर. अपमानाने पेटलेला एजॅक्स रात्री सेनानायकांचा जीव घ्यायला निघाला. देवांच्या साह्याने कोणीही जिंकेल, मी त्यांच्यावाचून जिंकीन, अशी बढाई त्याने पूर्वी मारली होती. अथेना देवीने त्याच्या बुद्धीवर पडदा टाकला. शत्रू समजून त्याने सैन्याची गुरेमेंढरे कापून काढली! सकाळी भान आले, तो भोवती रक्ताचा सडा आणि छावणीत हसण्याची भीती.

पत्नी टेक्मेसाने परोपरीने विनवले. चिमुकल्या मुलाला ढाल देऊन तो समुद्रकिनारी गेला. हेक्टरची तलवार त्याने जमिनीत रोवली आणि तिच्यावर अंग झोकून दिले. सुमारे इ. स. पू. ५४० मध्ये एक्सेकियस या चित्रकाराने एका कुंभावर हाच प्रसंग रंगवला. त्यात रक्त नाही, आक्रोश नाही. एक दांडगा पुरुष ओणवा होऊन तलवारीच्या बुडाशी माती थापतो आहे. एवढेच! पण पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते.

राजे म्हणाले, याला मूठमाती मिळणार नाही. तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहिला कोण? खुद्द ओडिसियस! आज याची गत, उद्या आपली, हे त्या शहाण्याने ओळखले होते. त्याच्याच रदबदलीने अंत्यसंस्कार झाले.

परंतु होमर सांगतो की, पुढे पाताळात दोघांची गाठ पडली, तेव्हा ओडिसियसने नाना परीने समजूत घातली. एजॅक्स एक अक्षर न बोलता छायांमध्ये निघून गेला.

मान एकालाच मिळतो, हे खरे. त्याला इलाज नाही. पण ज्याच्या ढालीआड आपण जगलो, त्याला हार पत्करावी लागली त्या रात्री कोणी त्याच्या राहुटीत जाऊन दोन शब्द बोलले असते तर? देवीचा कोप कदाचित टळला नसता. पण तो माणूस एकटा तरी पडला नसता.