साथ सरल्यावर उरते कोण?



आपल्या वस्तीतील कॉलेजात जाणारी मुले हल्ली एका प्रकारच्या गोष्टी फार आवडीने वाचतात, त्यांवरचे चित्रपट मोबाईलवर पाहतात. जगभर भयंकर रोगाची साथ येते, शहरेच्या शहरे ओस पडतात, रेल्वे, बँका, पोलीस सारे बंद पडते आणि मूठभर माणसे तेवढी उरतात. त्या उरलेल्यांनी जगायचे कसे, याची ती कथा असते. काही पालक आम्हाला विचारतात, ‘असले वाचून मुलांच्या डोक्यात काय शिरणार?’ आम्ही म्हणतो, खुशाल वाचू द्या. मात्र वाचून झाल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. या गोष्टीत रोग्याची शुश्रूषा कोण करतो आणि प्रेते कोण उचलतो?

हा प्रकार नवा नाही. मेरी शेली या इंग्रज लेखिकेने १८२६ साली ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात साथीने सारी मानवजात संपते आणि शेवटी एकच माणूस उरतो. पुढे १९१२ साली अमेरिकेच्या जॅक लंडन याने ‘द स्कार्लेट प्लेग’ लिहिली. हा लेखक पोरवयात कारखान्यात राबलेला, म्हणून त्याची गोष्ट आपल्या कामाची आहे.

या गोष्टीत २०१३ साली साथ येते आणि जग बुडते. साठ वर्षांनंतर एक म्हातारा, जो पूर्वी विद्यापीठात प्राध्यापक होता, कातडी पांघरलेल्या आपल्या नातवांना जुन्या जगाची हकीकत सांगतो. नातवांना अक्षरओळख नाही. मंत्रतंत्र करणारा एक भोंदू त्यांना धाक दाखवून लुटतो आणि पोरांना ते खरे वाटते. म्हाताऱ्याला सर्वांत मोठे दुःख कशाचे? एका बड्या धनिकाच्या बायकोला साथीनंतर तिच्याच मोटारचालकाने बळजबरीने बायको केले, तिला मारझोड केली, चाकरी करायला लावले. त्या बाईवर अन्याय झाला हे खरेच. पण म्हाताऱ्याला त्याहून अधिक डाचते ते हे की, एका हलक्या माणसाने हे करावे! जग बुडाले, छापखाने बुडाले, पण म्हाताऱ्याच्या डोक्यातली उतरंड शाबूत राहिली. आणि अन्न पिकवणारे लोक नावालाच स्वतंत्र होते, सारे काही आम्हा वरच्यांच्या मालकीचे होते, हेही तोच कबूल करतो.

आता गोष्ट सोडून खऱ्या साथीकडे वळू. आमच्या मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की पाण्यापलीकडे मुंबई दिसते. त्या मुंबईतल्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पाहता पाहता साथ पसरली आणि लाखो लोक आगगाडीने, बोटीने, पायी शहर सोडून गेले. ऑक्टोबरात म्युनिसिपालिटीने रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम काढला आणि महिना संपायच्या आत तो सैल केला. असे का? तेव्हाचे कमिशनर स्नो यांनी आपल्या अहवालात कारण दिले आहे. या सक्तीने घाबरून हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जातील, अशी त्यांना धास्ती वाटत होती. मैला उचलणारे हात गेले तर एवढे मोठे शहर राहण्यालायक उरणार नाही, हे साहेबाला पक्के कळले होते. गिरणीमालक गेले, व्यापारी गेले, तरी शहर कसेबसे उभे होते. ज्यांची सावलीही नको होती, ते जाऊ नयेत म्हणून सरकारने आपला हुकूम सैल केला! वाचकहो, ही हकीकत कोणत्याही कादंबरीपेक्षा थोर आहे. पण शाळेत ती आपल्याला कुणी शिकवली का?

शाळेत प्लेग म्हटला की पुण्याचा रँडसाहेब आणि २२ जून १८९७ चा गोळीबार तेवढा आठवतो. सोल्जरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, लोकांची अब्रू काढली, हे खोटे नाही. पण त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवीत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने पडला. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या स्पर्शातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या काळात त्या पोराला निरोगी असतानाही कुणी शिवत नव्हते, त्या काळात सहासष्ट वर्षांच्या माउलीने त्याला रोगासकट उचलले. परदेशी गोष्टींतला नायक बंदूक घेऊन एकटा जगतो. आमची नायिका दुसऱ्याला जगवताना गेली. मुलांनी दोन्ही गोष्टी वाचाव्यात आणि कोणती मोठी ते आपले आपण ठरवावे.

त्याच जानेवारीत, १० तारखेला, वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळला आज त्यांच्या नावाची संस्था उभी आहे. देवीचा कोप म्हणून बकरे कापणाऱ्यांनी प्लेग हटवला नाही. उंदीर, पिसू, अंधाऱ्या खोल्या आणि लस यांचा विचार करणाऱ्यांनी माणसे वाचवली.

साथ सगळ्यांना सारखीच मारते, असे या कादंबऱ्यांत दाखवतात. राजाही मरतो, रंकही मरतो. प्रत्यक्षात काय घडते पाहा. १९१८ साली मुंबईत इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली. आरोग्य खात्याने तेव्हा मृत्यूंचे जातवार आकडे काढले. युरोपियनांत दर हजारी ८.३ माणसे दगावली, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि ज्यांना ‘खालच्या जातीचे’ म्हणून नोंदले त्यांच्यात ६१.६! एकच शहर, एकच हवा, एकच रोग. मग हा फरक कुठून आला? दाटीच्या खोल्या, अपुरे अन्न, न परवडणारी औषधे, पडून राहिले तर बुडणारी मजुरी, यांतून तो आला. जंतूला जात कळत नाही, पण जातीने जंतूला वाट करून दिली.

मग आले २०२०. आमच्या इकडे १५ मार्चला भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट मोठ्या कौतुकाने सुरू झाली आणि काही दिवसांतच टाळेबंदीने बंद पडली. मुंबईत कामाला असलेली माणसे तिकडे, म्हातारे आईबाप इकडे, मध्ये पाणी. १८९७ सालचाच साथरोग कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. १४ एप्रिलला आपण भीमजयंती घराच्या उंबऱ्याआड साजरी केली. ३ जूनला अलिबागजवळ निसर्ग चक्रीवादळ धडकले, पत्रे-कौले उडाली, वीज कित्येक दिवस आली नाही. त्या काळात ‘सामाजिक अंतर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. आपल्या म्हाताऱ्या माणसांना तो ऐकून काय वाटले असेल? ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ते अंतर सोसले, त्यांना त्याचे धडे कशाला? शारीरिक अंतर म्हटले असते तर काय बिघडले असते? आणि ज्या सफाई कामगारांसाठी थाळ्या वाजल्या, त्यांतल्या कितीजणांना हातमोजे वेळेवर मिळाले, हेही विचारले पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांची आजाऱ्याविषयीची करुणा सांगितली आहे. हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, बिछान्यावर निजवले आणि संघाला बजावले की, आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. जग बुडाल्यावर कसे जगावे, याचे उत्तर एवढेच आहे, आणि त्यासाठी जग बुडण्याची वाट पाहायला नको.

आता एक विनंती. १८९६ च्या हलालखोरांविषयी आपल्याला कळते ते साहेबाच्या अहवालातून. त्यांनी स्वतः काय भोगले, काय ठरवले, याचा कागद नाही, कारण त्यांच्या हाती लेखणी येऊ दिली नव्हती. आज आपल्या घराघरांत लेखणी आहे. आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून सांगतो, ज्याची नोंद नाही ते दफ्तरात घडलेलेच नसते. जॅक लंडनचा म्हातारासुद्धा पोरांसाठी गुहेत पुस्तके जपून ठेवतो. तेव्हा प्रत्येक विहारात एक जाड वही ठेवा. २०२० आणि २०२१ साली आपल्या वस्तीतले कोण गेले, कुणाला कुठे दाखल करून घेतले नाही, कुणाची नोकरी सुटली, शेजाऱ्याच्या दारात जेवणाचा डबा कुणी ठेवला, मयताला खांदा कुणी दिला, ते तारीखवार लिहा. मुलींनी आजीला विचारावे, मुलांनी घंटागाडीवर जाणाऱ्या काकांना विचारावे. सांगणाऱ्यांची वये वाढत चालली आहेत, म्हणून हे काम या वर्षावासातच सुरू व्हावे.

जयभीम! नमो बुद्धाय!