फसलेल्या माणसाला पुन्हा फसवू नका

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२पासून तो पाळला जातो. त्या निमित्ताने फसवल्या गेलेल्या माणसाविषयी बोलायला हवे. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दाखवून ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घातली जाते आणि आयुष्यभराची पुंजी जाते. अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच. पण फसलेल्याला पैशापेक्षा ‘मला कळले कसे नाही?’ हा प्रश्न जास्त पोखरतो. झोप उडते, छाती धडधडते, घरी सांगायची लाज वाटते.

मग कुणी प्राणायाम सांगते, कुणी इगतपुरीला विपश्यनेला पाठवू पाहते, कुणी पुष्पौषधीची बाटली हातावर ठेवते. हे सगळे एका मापाने मोजता येत नाही. संथ श्वसनाने शरीराची घबराट उतरते. मनातले सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटे लिहून काढण्याची जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची रीत १९८६पासून अभ्यासली गेली आहे. लाभ माफक, खर्च वही-पेनाचा. विपश्यनेचे दहा दिवसांचे मौन मात्र ताज्या घावावर सरसकट सुचवू नये. गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असे केंद्रेच सांगतात. एडवर्ड बाख यांच्या ३८ पुष्पौषधींत मत्सर-संशयासाठी ‘हॉली’ आहे, कडवटपणासाठी ‘विलो’. चाचण्यांत त्या नुसत्या समजुतीच्या औषधापेक्षा सरस ठरलेल्या नाहीत.

खरी काळजी पुढची आहे. विश्वास लुटला गेलेला माणूस आधार शोधत असतो आणि ग्रहशांती, ऊर्जाशुद्धी विकणाऱ्यांच्या हाती तो नेमका तेव्हाच लागतो. चमत्काराच्या दाव्याने पैसे उकळणे महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचले. कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणारा भामटाही ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो. तेच वाक्य उपचार करणाऱ्याच्या तोंडी आले, की तिथून उठावे. डॉक्टरांची औषधे बंद करा म्हणणाऱ्याकडूनही.

पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करा. वेळेत केली तर रक्कम गोठवता येते. मन सावरत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. आणि घरातले कुणी फसले असेल, तर कृपा करून त्याची अक्कल काढू नका. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या.