खारबांधाची डागडुजी वेळेवर व्हावी

रायगड जिल्ह्यात पेण, अलिबाग, पनवेल या भागांत खाडीकाठी बांध घालून समुद्रापासून मिळविलेली भातशेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बांध भरतीचे पाणी अडवितो, उघाडीवाटे साचलेले पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर पडते, आणि कोकणचा मुसळधार पाऊस जमिनीतील मीठ धुऊन काढतो. ही सर्व व्यवस्था बांधाच्या उंचीवर उभी आहे, आणि ती उंची आता अपुरी पडू लागली आहे. समुद्राची पातळी चढत आहे. अरबी समुद्र तापून वादळे बळावत आहेत. 3 जून 2020 चे ‘निसर्ग’ आणि मे 2021 चे ‘तौक्ते’ किनाऱ्यावरील बागाईतदार अद्याप विसरलेला नाही.

वादळच हवे असेही नाही. खेकड्याचे एक बीळ उधाणाच्या भरतीस पुरते. बिळातून पाणी झिरपते, माती सुटते, आणि चार टोपल्या चिखलाने बुजली असती अशा जागी खांड पडते. पूर्वी गावकरी एकत्र येऊन ती बांधीत. 1979 च्या खारजमीन विकास अधिनियमाने या कामास शासनाचा आधार मिळाला, हे इष्टच झाले; मात्र त्याबरोबर गावाची सवय मोडली, हेही कबूल करावयास हवे.

खांड काही वर्षे उघडी राहिली की खाचरात तिवरे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निर्णयानुसार कांदळवनाच्या तोडीस राज्यभर मनाई आहे, आणि ती योग्य आहे. कारण बांधाबाहेरील तिवर लाटांचा जोर मोडते व बांधालाच राखते. परंतु सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर कांदळवन, अशा कात्रीत सापडलेल्या खातेदाराने काय करावे? दोष तिवराचा नव्हे, न बुजविलेल्या खांडीचा आहे.

म्हणून नव्या मोठ्या योजनांपेक्षा किरकोळ डागडुजीचा पैसा मे महिन्यापूर्वी गावाच्या हाती पडणे अधिक अगत्याचे आहे. मंजुरी पावसाळ्यानंतर आली तर तिचा उपयोग काय? बांधाची उंची जुन्या नकाशावरून न ठरविता अलीकडच्या उधाणांच्या खुणांवरून ठरवावी. त्या खुणा गावपातळीवरील कार्यकर्त्याने अमावास्या-पौर्णिमेस बांधावर फिरून शेतकऱ्यांसमवेत नोंदवाव्या.

बियाण्याचा प्रश्नही यातच येतो. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे भाताचे वाण दिले आहेत. भाताचे कोवळे रोप क्षारास फार लवकर बळी पडते; त्यामुळे खारे पाणी शिरून रोपे गेल्यास दुबार पेरणीकरिता या वाणांचा थोडा साठा प्रत्येक खारगावात जूनच्या आरंभीच असला पाहिजे. रोपे जळाल्यावर तालुक्याच्या गोदामाकडे धाव घेईपर्यंत पेरणीचे दिवस निघून जातात.