भिंतीला पाठ टेकल्यावर

नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला असतो. सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स विकून टाक, पन्नास एमएम एफ/१.८ घे आणि वर्षभर कॅमेऱ्यावरून ती काढू नकोस. रविवारी सकाळी नवशिक्यांना फोटोग्राफी शिकवणारे एक गृहस्थ हे इतक्या ठामपणे सांगतात, की माझ्या भाचीनं ते शब्दशः पाळलं आणि किट लेन्स विकूनही आली. गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं : पन्नास म्हणजे माणसाची नजर, जवळ-लांब करायला देवानं पाय दिलेत, झूममुळे माणूस आळशी होतो, आणि एफ/१.८ला अंधाराचं भय नाही. शिवाय थोर फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ पन्नासच वापरायचा, मग तुम्ही कोण लागून गेलात? एवढ्यावर त्यांचा युक्तिवाद संपतो.

माझा राग या पायांवर आहे. ‘पायानं झूम करा’ हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, तो मोकळ्या मैदानात राहत असावा. भाचीची आजी गिरगावात चाळीत राहते. खोली दहा बाय बारा. गेल्या भाद्रपदात गौरी बसल्या, आणि भाची नवी पन्नास लावून हौसेनं फोटो काढायला गेली. बारा फुटांतले तीन फूट मखरानं घेतलेले, उरलेल्यात भिंतीला पाठ टेकून ती उभी. लेन्सपासून गौरींपर्यंत अंतर भरलं आठ फूट. आता हिशेब करू. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. याहून अवघड गणित त्यात नाही. तिच्या कॅननच्या सेन्सरची रुंदी २२.३ मिलिमीटर. पन्नास एमएमला आठ फुटांवर जेमतेम साडेतीन फूट रुंदी मिळते. कॅमेरा आडवा धरला तर उंची अडीच फूटही भरत नाही. म्हणजे दोन मुखवटे आले आणि फ्रेम संपली. आजीनं तीन दिवस खपून केलेला फराळ गेला, सोळा भाज्यांचं ताट गेलं, निरांजन गेलं, निरांजन लावणारी आजीसुद्धा गेली. तिनं विकलेल्या किट लेन्सनं १८ एमएमला त्याच भिंतीपासून दहा फूट रुंदी पकडली असती.

“मागे का नाही सरकलीस?” असं गृहस्थांनी तिला विचारलं म्हणे. ती सरकली होती. दाराबाहेर चार फुटांची गॅलरी, तिच्या कठड्याला टेकून तिनं एक फोटो घेतला. त्यात दोन्ही बाजूंना दाराची चौकट, मधे चपलांचा ढीग आणि लांबवर चिंचोळ्या फटीत गौरी. कठड्यामागे दोन मजल्यांचा खड्डा. पाय न्यायचे कुठे?

आणि जागा असती तरी पायांनी झूम होत नाही. हे मी वीस वर्षं सांगतोय, तरी दर पावसाळ्यात नव्यानं सांगावं लागतं. दोन वस्तू एकमेकींच्या मानानं किती लहान-मोठ्या दिसतील, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. त्यातला किती भाग चौकटीत घ्यायचा, हे फोकल लेंग्थ ठरवते. आजी पुरणपोळी लाटतेय. तिच्यापासून दोन फुटांवर बसा : पोळपाटावरचे हात मोठे, पिठानं पांढरे झालेले, अंगठीच्या खाचेत बसलेला मैदाही दिसतो, चेहरा मागे, लहान. आता आठ फुटांवर जा : हात आणि चेहरा सारख्या मापाचे झाले, घर आणि बाई एका पातळीवर आली. हे दोन वेगळे फोटो आहेत. कुठे उभं राहायचं हे आधी ठरवायचं आणि मग भिंग निवडायचं, हा खरा क्रम. पन्नासवाला माणूस भिंगाला बरं वाटेल तिथे जाऊन उभा राहतो, आणि त्यालाच शिस्त म्हणतो.

आता ‘माणसाची नजर’. १९२५मध्ये लायका बाजारात आला तो पन्नास एमएमचं भिंग घेऊन. त्याची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची, कर्ण सुमारे ४३. कर्णाच्या आसपासची फोकल लेंग्थ नजरेला सहज वाटते, हा जुना ठोकताळा, आणि पन्नास त्याच्या जवळ जाते. मान्य. पण भाचीचा कॅमेरा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा आहे. त्याचा कर्ण २७ मिलिमीटर. तिथे पन्नास लावली की ती ८०सारखी वागते, निकॉन-सोनीच्या क्रॉपवर ७५सारखी. ती चेहऱ्याची लेन्स झाली, रोज गळ्यात घालून फिरायची नव्हे. गृहस्थांचाच नियम प्रामाणिकपणे लावला तर उत्तर २७-२८च्या आसपास येतं, आणि ते किट लेन्सच्या पोटातच आहे. ब्रेसाँची पन्नास पूर्ण फ्रेमवरची होती, हे शिकवणाऱ्याला माहीत नसेल तर त्यानं शिकवू नये. माहीत असून सांगत नसेल तर ते जास्त वाईट.

ब्रेसाँचं नाव निघालंच आहे म्हणून. फोटो कापणं पाप, मॅन्युअल मोडशिवाय काढलेला फोटो खोटा, फिल्मवर न शिकलेला अर्धवट : हे सगळे सोवळ्याचे वाद मी ऐकलेत, भांडलोय त्यांच्याशी, दोन मित्र त्यात दुरावले. दर वेळी कुठल्यातरी मोठ्या माणसाची एक सवय उचलून तिचा धर्म केलेला असतो. पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनामागे पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा ब्रेसाँनं १९३२मध्ये काढलेला तो फोटो कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून घेतलेला आहे, आणि नंतर कापलेला आहे. ज्याच्या नावानं नियम सांगता त्यालाही पाय पुढे नेता आले नव्हते.

आळशीपणाचं उत्तर एका ओळीत : आळस करणारा पन्नास लावूनही खुर्चीतूनच फोटो काढतो.

अंधाराचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. एफ/१.८मधून एफ/५.६च्या मानानं दसपट प्रकाश येतो. दहीहंडीच्या रात्री, लेझीम खेळणाऱ्या पोरांवर तो हवाच. पण गौरी नाचत नाहीत. स्वस्त पन्नासला स्टॅबिलायझर नाही, म्हणून हातात धरून १/८० सेकंदाच्या खाली उतरताना भीती. किट लेन्सला तो आहे. श्वास धरून १८ एमएमला १/८ सेकंदही निभावतो. दहापट वेळ मिळाल्यावर एफ/३.५ची उणीव भरून निघते आणि वर उरतं. शिवाय दीड मीटरवरून एफ/१.८ला जेमतेम सहा सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. आजीचे डोळे लख्ख, हातातली पोळी धुकट. मागचं घर पुसून टाकायचं असेल तर ठीक. भाचीला ते घरच हवं होतं.

मग रोजची लेन्स कुठली? किट लेन्सच. ती दोनशे ग्रॅमच्या आसपास, पाव मीटरवर फोकस होते, आणि जेजुरीला भंडारा उधळत असताना ती बदलायची वेळ येत नाही. तिथे एकदा उघड्या माउंटमधून हळद आत गेली की सेन्सरवर पिवळे ठिपके पुसत बसावं लागतं, मी बसलोय. सहा महिने ती वापरा, मग आपलेच फोटो उघडून फोकल लेंग्थ तपासा. बहुतेक २४ला निघाले तर कॅननची २४ एमएम एफ/२.८ पॅनकेक घ्या, १२५ ग्रॅमची, वीतभर अंतरावरही चालते. ३५ला निघाले आणि कॅमेरा निकॉनचा असेल, तर त्यांच्या क्रॉपसाठीची ३५ एमएम एफ/१.८ २००९पासून मिळते, ती पन्नासइतकाच प्रकाश घेते. पन्नासला निघाले तर खुशाल पन्नास घ्या. पण ते तुमच्या फोटोंनी सांगितलेलं असावं.

यंदा मी भाचीला माझी जुनी १८-५५ दिली. पुढच्या कडेला ओरखडा आहे, झूमची रिंग थोडी खरखरते. तिनं त्याच भिंतीला पाठ टेकली. फोटोत दोन्ही गौरी आहेत, फराळाची सगळी ताटं आहेत, मखराच्या मागे वायरचं वेटोळं आहे, आणि डाव्या कोपऱ्यात आजी, काडी पेटवून निरांजनावर वाकलेली, दुसऱ्या हातानं पदर सावरत.