मापात पाप: राफेलच्या हिशेबावर आपण का बोलायचं

राफेलचा विषय निघाला की आपल्यातले बरेच जण चहाचा कप खाली ठेवतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालतात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. अस्लम नावाच्या पोराने 'विमान कितीला पडलं?' असं विचारलं, तर पुढचा सवाल विमानाबद्दल नसतो, अस्लमच्या देशप्रेमाबद्दल असतो. मग घरचे म्हणतात, कशाला नसत्या भानगडीत पडतोस, बाबा. मला या सल्ल्याशीच भांडायचं आहे.

भिवंडीतला लूमवर काम करणारा माणूस साबणाची वडी घेतो तेव्हाही कर भरतो. त्या पैशातूनच विमानं येतात. सरकारी तिजोरी ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब मागायला कुणाच्या परवानगीची गरज नसते. कुराणात वजन-मापातल्या लबाडीवर एक अख्खी सूरा आहे, अल्-मुतफ्फिफीन. बाजारातल्या तराजूबद्दल एवढी काळजी असलेल्या उम्मतीने ५९ हजार कोटींच्या तराजूकडे पाहायचंच नाही, हे कुठलं शहाणपण?

आता तो तराजू पाहू. २००७ साली हवाई दलासाठी १२६ विमानांची निविदा निघाली. सहा विमानं स्पर्धेत होती. २०११ मध्ये राफेल आणि युरोफायटर उरली, आणि जानेवारी २०१२ मध्ये राफेल बनवणारी दासॉ कंपनी सर्वांत कमी किमतीची, म्हणजे एल-वन ठरली. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कॅगच्या अहवालातली पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मार्च २०१५ मध्ये खुद्द संरक्षण मंत्रालयाच्याच पथकाने सांगितलं, की दासॉला एल-वन ठरवणं चुकीचं होतं. निविदेच्या अटी पुऱ्या होत नसल्याने तिचा प्रस्ताव तांत्रिक तपासणीतच बाद व्हायला हवा होता. युरोफायटरचा प्रस्तावही अटींत पूर्ण बसत नव्हता. म्हणजे आठ वर्षं घासून घासून केलेल्या मूल्यमापनाचा पायाच कच्चा निघाला.

घोळ कसला होता, त्याचा एक नमुना घ्या. १२६ पैकी १०८ विमानं हिंदुस्थान एरोनॉटिक्स इथे बनवणार होती. पण तेच काम करायला इथे फ्रान्सच्या २.७ पट मनुष्य-तास लागतात, असं सरकारनेच नंतर कोर्टात सांगितलं. हे जास्तीचे तास कुणाच्या खात्यावर धरायचे? दासॉच्या किमतीत ते मिळवले तर 'सर्वांत कमी' हा शब्द टिकतो का? किराणा दुकानदारही हे आधी विचारतो. आणि हे सगळं मनमोहन सिंग सरकारच्या काळातलं आहे, तेव्हा आपल्या काँग्रेसवाल्या चाचांनीही उगाच छाती फुगवू नये.

मग एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ विमानांची घोषणा केली. सप्टेंबर २०१६ मध्ये ७.८७ अब्ज युरोंचा करार झाला. नवी निविदा काढली नाही. युरोफायटरवाल्यांनी जुलै २०१४ मध्ये २० टक्के सूट देऊ केली होती, तिचा उपयोग झाला नाही. वाटाघाटी करणाऱ्या सात जणांपैकी तिघांनी लेखी मतभेद नोंदवला, हे 'द हिंदू'ने २०१९ मध्ये छापलेल्या कागदांवरून कळलं. मतभेद नोंदवणारे ते तिघे सरकारी अधिकारीच होते. त्यांना कुणी पाकिस्तानात जा म्हटल्याचं ऐकिवात नाही.

कॅगने अखेर सांगितलं, नवा सौदा २.८६ टक्के स्वस्त पडला. कशाच्या तुलनेत? २००७ च्या त्याच दासॉच्या प्रस्तावाच्या तुलनेत, जो मंत्रालयाच्या पथकाच्या मते मुळात बाद व्हायला हवा होता! ज्या मापात खोट निघाली, तेच माप पुन्हा वापरून 'बघा, वजन बरोबर आहे' म्हणायचं. शिवाय अहवालात किमतींच्या जागी आकडेच नाहीत, अक्षरं छापली आहेत, कारण मंत्रालयाने तसा आग्रह धरला. टक्केवारी आमच्यासमोर, रक्कम पडद्याआड. फ्रान्सने सरकारी हमी दिली नाही आणि बँक हमीही घेतली नाही. त्यातून वाचलेला पैसा दासॉला मिळाला, भारताला नाही, हेही त्याच अहवालात आहे.

'सुप्रीम कोर्टाने क्लीन चिट दिली ना?' हा ठरलेला सवाल. १४ डिसेंबर २०१८ रोजी कोर्टाने याचिका फेटाळल्या, नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचारही फेटाळला, हे खरं. या सौद्यात लाच दिली गेली असं मीही म्हणत नाही. पण किमतींची तुलना करणं आपलं काम नाही, हेही त्याच निकालात कोर्टाने म्हटलं. आणि कॅगचा अहवाल लोकलेखा समितीने तपासला आहे असं निकालात लिहिलं गेलं, तेव्हा तो अहवाल संसदेत आलेलाच नव्हता! दुसऱ्याच दिवशी सरकार दुरुस्ती मागायला धावलं: आमच्या टिपणातल्या क्रियापदाचा काळ चुकीचा वाचला गेला म्हणे. व्याकरणावर एवढी मोठी जबाबदारी क्वचितच पडली असेल.

मूल्यमापनाला आव्हान दिलं तर सैन्य दुबळं होतं, असं सांगतात. अमेरिकेचं सैन्य दुबळं आहे का? फेब्रुवारी २००८ मध्ये तिथल्या हवाई दलाने इंधन भरणाऱ्या १७९ विमानांचं, सुमारे ३५ अब्ज डॉलरचं कंत्राट नॉर्थ्रॉप ग्रुमनला दिलं. हरलेल्या बोइंगने ११ मार्चला जीएओ या संसदेच्या हिशेबनिसाकडे तक्रार केली. तिथे कायद्याने १०० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. १८ जूनला निर्णय आला: हवाई दलाने स्वतःच जाहीर केलेले निकष पाळले नाहीत, जास्तीचे गुण मिळणार नाहीत असं सांगून ते दिले, आणि खर्चाची बेरीज चुकवली. बेरीज सुधारल्यावर बोइंगचं विमान स्वस्त निघालं. स्पर्धा रद्द झाली, नव्याने झाली, आणि २०११ मध्ये बोइंग जिंकली. बोइंग काही वली-अल्लाह नव्हे. याच विमानांच्या आधीच्या सौद्यात हवाई दलाची एक बडी अधिकारी आणि बोइंगचा एक वरिष्ठ तुरुंगात जाऊन आले होते. पण हवाई दलाचा हिशेब उघड्यावर तपासला गेला आणि आकाश कोसळलं नाही.

आपल्याकडे हरलेल्या कंपनीला असं १०० दिवसांचं दार नाही, आणि सरकार ते सरकार करारात तर दारासकट भिंतच गायब होते, कारण हरणारा कुणी नसतोच. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल, सुमारे ६३ हजार कोटींना, याच वाटेने घेतली.

म्हणून मागणी साधी आहे. मोठ्या खरेदीच्या मूल्यमापनाविरुद्धची तक्रार मंत्रालयाबाहेरच्या यंत्रणेने ठरलेल्या मुदतीत ऐकावी, सरकार ते सरकार करारही तिच्या कक्षेत असावेत, आणि विमान आल्यावर तरी किंमत अक्षरांत नव्हे, आकड्यांत छापावी. तुमच्या खासदाराला हे लिहा, मराठीत लिहा, खाली पूर्ण नाव लिहा. कॅगचा राफेल अहवाल १३ फेब्रुवारी २०१९ रोजी संसदेत मांडला गेला होता. सोळाव्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस होता.