समुद्र नाही म्हणून मत्स्यविज्ञान नको?

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला वनस्पती-रोगशास्त्राकडे आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मत्स्यविज्ञानाकडे वळता येते. पिकांचे उपयोजित विज्ञान आणि जलसंपत्तीचे व्यवस्थापन हे दोन्ही विषय या भागाच्या पोटापाण्याशी थेट जोडलेले आहेत. तरीही त्यांच्यावर एक आक्षेप पुनःपुन्हा घेतला जातो. मराठवाडा दुष्काळी आणि समुद्र दूर, तेव्हा मासे कोकणाने सांभाळावेत. पिकांसाठी 1972 पासून परभणीचे कृषी विद्यापीठ आहे. साध्या विद्यापीठाने मूलभूत विज्ञान तेवढे शिकवावे, कारण असल्या पदव्या घेऊन मुले शेवटी स्पर्धा परीक्षांच्याच वर्गात जाऊन बसतात.

यातला पहिला मुद्दा सर्वांत जास्त टाळ्या मिळवतो आणि सर्वांत जास्त चुकीचा आहे. मासळीला समुद्रच लागतो, ही समजूत बाळगणाऱ्याने शहरापासून 50 किलोमीटरवरच्या पैठणचा नाथसागर जलाशय नीट पाहिलेला नाही. गोदावरीवरच्या या धरणाची पायाभरणी 1965 मध्ये आणि उद्घाटन 1976 मध्ये झाले. पूर्ण भरल्यावर त्यात 2,909 दशलक्ष घनमीटर पाणी मावते आणि ते सुमारे 350 चौरस किलोमीटरवर पसरते. हिशेब केला तर सरासरी खोली जेमतेम 8 मीटर निघते. सिंचनाच्या दृष्टीने हा उथळपणा मोठा दोष आहे, कारण बाष्पीभवन अफाट होते. माशांच्या दृष्टीने मात्र उथळ, उबदार आणि उजेड पोचणारे पाणी म्हणजे भरपूर प्लवक, म्हणजेच भरपूर अन्न.

दुष्काळाचा दाखला तर आक्षेपकाच्याच विरोधात जातो. 2016 आणि 2019 च्या उन्हाळ्यांत नाथसागराचा जिवंत साठा शून्यावर आला. पण त्याखाली 738 दशलक्ष घनमीटरचा मृत साठा असतो. पिण्यासाठी उपसा होऊन तोही उतरत जातो आणि उरलेल्या पाण्यात सगळी मासळी एकवटते. अशा वेळी बारीक आसाची जाळी पडली, तर पुढच्या हंगामाची पिल्ले आणि प्रजननक्षम मासे एकाच उन्हाळ्यात संपतात. जाळ्याचा आस केवढा असावा, मासेमारी कोणत्या महिन्यांत बंद ठेवावी, पाण्यातला प्राणवायू किती उतरला की मासे मरू लागतात, हे प्रश्न दुष्काळातच सर्वांत तीव्र होतात. पाणी कमी आहे म्हणून पाण्याचे शास्त्र नको, हे म्हणणे कोणत्याही तर्कात बसत नाही.

शिवाय कटला, राहू आणि मृगळ हे कार्प मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत; त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून जलाशयात बीज सोडावे लागते. जिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्ले, थेट सोडली तर बहुतेक मोठ्या माशांच्या पोटात जातात. 100 मिलिमीटरच्या आसपास वाढलेली बोटुकली तगते. किती लाख बीज सोडले, हा आकडा अहवालात उठून दिसतो. मासेमारी करणाऱ्या भोई समाजाच्या माणसाच्या जाळ्यात काय येते, ते बीजाच्या आकारावर ठरते. हा फरक ओळखणारा पदवीधर या भागाला नको असेल, तर नको म्हणणाऱ्याने तसे जलाशयाच्या काठी जाऊन सांगावे.

मूलभूत आणि उपयोजित विज्ञानाचा वाद जुना आहे आणि दर पिढीत तो नव्याने उकरला जातो. त्यावर मत्स्यशेतीच्या इतिहासाइतके चोख उत्तर दुसरे नाही. माशाच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी प्रजननावर कसा परिणाम करते, हा शरीरक्रियाशास्त्राचा शुद्ध प्रश्न होता. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन घडवले. नदीतून बीज गोळा करण्यावरचे अवलंबित्व त्यातून सुटू लागले आणि 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन ठरला. या प्रयोगात मूलभूत कुठे संपले आणि उपयोजित कुठे सुरू झाले, ती रेघ आक्षेपकाने दाखवावी.

परभणीचे कृषी विद्यापीठ आणि उदगीरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आपले काम करतात, पण तिथल्या जागा मोजक्या आहेत. तालुक्याच्या गावात बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला या विषयांकडे येण्याचा रस्ता साध्या विद्यापीठातूनच जातो. गरज पिकांतही आहे: पैठण-अंबड पट्ट्यातल्या मोसंबीला फायटोफ्थोरा या बुरशीसदृश जीवामुळे डिंक्या रोग होतो. मुळांशी पाणी साचू न देणे, सहनशील खुंट निवडणे, खोडाला बोर्डोमलम लावणे हे त्यावरचे उपाय आहेत. ते बागेपर्यंत पोचवायला माणसे जास्त झाली, अशी तक्रार एकाही बागायतदाराने करू नये इतकी ती कमी आहेत. नोकरीचा आक्षेप खरा आहे, पण तो इतिहासाच्या आणि वाणिज्याच्या पदवीलाही तितकाच लागू आहे.

अभ्यासक्रम आज आहेत तसेच उत्तम आहेत, असा दावा येथे नाही. प्रात्यक्षिक प्रयोगशाळेतल्या बरण्यांपुरते राहू नये. विद्यार्थ्याने निदान एक पूर्ण वर्ष एखाद्या जलाशयावर दरमहा पाण्याची आणि मासळीची नोंद ठेवावी आणि ती मच्छीमार सहकारी संस्थेला मराठीतून द्यावी. दोन्ही विषयांना एकत्र आणणारी जागाही समोर आहे. नाथसागराचे पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर होते. तिथल्या पिकावर फवारलेले कीटकनाशक पावसाळ्यात त्याच पाण्यात उतरते आणि बुडालेले धसकट कुजून प्लवकांना खत मिळते. गाळपेरीत कोणते पीक घ्यावे, फवारणी कधी थांबवावी आणि त्याचा बोटुकलीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या दोन विभागांनी मिळून हाती घ्यावा.